वाचकांची संगीत-शंका : हुस्कर डूचे ‘झेन आर्केड’

प्रश्न : हुस्कर डू या अमेरिकन बँडचा ‘झेन आर्केड’ हा अल्बम पंक रॉकमधला मैलाचा दगड मानला जातो, म्हणून मुद्दाम ऐकला. पण गिटारचा आवाज पत्रा घासल्यासारखा येतो, अर्धे शब्द कळत नाहीत आणि बास तर जवळजवळ ऐकूच येत नाही. ध्वनिमुद्रण इतके ओबडधोबड असताना या अल्बमचा एवढा गाजावाजा कशासाठी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि हा अल्बम डोक्यावर घेणारेही ती सहसा नाकारत नाहीत. मात्र त्या आवाजाचे मूळ निष्काळजीपणात नसून वेळ, पैसा आणि हट्ट या तिन्हींत आहे. गिटारवादक बॉब मोल्ड, ड्रमर ग्रँट हार्ट आणि बासवादक ग्रेग नॉर्टन हे तिघे १९७९पासून मिनेसोटातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत वाजवत होते, आणि विलक्षण वेगाने वाजवणारा हार्डकोर, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक प्रकारातला, बँड अशी त्यांची ख्याती होती. ऑक्टोबर १९८३मध्ये ते कॅलिफोर्नियातील रेडोंडो बीच येथील टोटल ॲक्सेस स्टुडिओत गेले, तेव्हा गाणी बसवलेली होती. खिसा मात्र रिकामा होता. एसएसटी ही त्यांची कंपनी ब्लॅक फ्लॅग या बँडच्या ग्रेग गिनने काढलेली, बेताच्या भांडवलावर चालणारी. त्यामुळे स्पॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्मात्याच्या साथीने त्यांनी सुमारे ४५ तासांत २५ गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतील दोन सोडून बाकी सर्व गाण्यांचा पहिलाच टेक (पहिल्या प्रयत्नातले वादन) कायम ठेवला आणि पुढे ४० तासांच्या एकाच बैठकीत सगळ्याचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांचा मेळ घालणे, उरकले. एकूण खर्च आला ३,२०० डॉलर. दोन तबकड्यांच्या अल्बमसाठी ही रक्कम त्या काळातही किरकोळच होती.

बास हरवल्यासारखा वाटण्याचे कारण बरेचसे मोल्डच्या वादनशैलीत आहे. तो डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारे पायाने दाबायचे उपकरण) लावून भरगच्च कॉर्ड छेडतो, मोकळ्या तारा गुणगुणत ठेवतो, आणि हार्टच्या झांजा वरची सगळी पट्टी व्यापतात. मधल्या गर्दीत नॉर्टनला जागाच उरत नाही. फुरसत असती तर मिक्सिंगमध्ये हे सावरता आले असते. तरीही त्या घाईने गाण्यांचे नुकसानच झाले, असे मला वाटत नाही. पहिल्याच गाण्यात आधी ड्रम्स, मग बास आणि मग गिटार असे एकेक जण येऊन मिळतात तेव्हा तिघे एका खोलीत समोरासमोर उभे आहेत, हे स्पष्ट जाणवते, आणि दहाव्या टेकला ही धग कितपत टिकली असती, याची मला शंका आहे.

गाजावाजा होण्याचे खरे कारण आवाजाच्या पलीकडे आहे. १९८३पर्यंत हार्डकोर पंकची एक चाकोरी बनून गेली होती : गाणे दीड-दोन मिनिटांचे, वेग अफाट, गाणे म्हणजे ओरडणे, आणि राग सोडून दुसरी भावना जवळजवळ वर्ज्य. जुलै १९८४मध्ये ‘झेन आर्केड’ आला तो चार बाजूंचा, २३ रचनांचा आणि सत्तर मिनिटांचा. दोन तबकड्यांचा कथात्मक अल्बम म्हणजे सत्तरच्या दशकातील बड्या रॉक बँडांची मिरासदारी. पंकचा जन्मच मुळी त्या डामडौलाच्या चिडीतून झालेला. या तिघांनी तोच आराखडा उचलला आणि मोडक्या घरातून बाहेर पडलेल्या, बाहेरचे जग त्याहून निष्ठुर आहे हे अनुभवणाऱ्या एका मुलाची गोष्ट त्यात घातली. शिवाय अकूस्टिक (विजेविना वाजणारी) गिटार, पियानोचे छोटे तुकडे आणि उलटी फिरवलेली टेप यांनाही जागा दिली. हार्टचे ‘पिंक टर्न्स टू ब्लू’ ऐकून पाहावे. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरणाऱ्या मुलीचे हे गाणे. पण चाल इतकी गोड आणि सावकाश उलगडणारी आहे की विषय ध्यानात येईपर्यंत ती तोंडात बसलेली असते. गोड चालीवर करवती गिटार चढवण्याची ही रीत पुढे अमेरिकन पर्यायी रॉकमध्ये सर्रास झाली.

एसएसटीने मात्र जपून पावले टाकली आणि पहिल्या खेपेला साडेतीन ते पाच हजारच प्रती छापल्या. त्या हातोहात संपल्या आणि ऐन दौऱ्यात दुकानांत माल नव्हता. त्याच कंपनीच्या मिनिटमेन या बँडने, हे लोक दोन तबकड्या काढत आहेत असे कळताच, आपल्या तयार अल्बमसाठी आणखी गाणी रचून तोही दुहेरी केला. तो ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ त्याच महिन्यात बाहेर पडला.

प्रश्न : या अल्बममधील ‘हरे कृष्ण’ हे गाणे भक्तिगीत समजावे की टवाळी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : निखळ टवाळी नव्हे, आणि भक्ती तर नव्हेच. १९६६मध्ये न्यू यॉर्कमध्ये इस्कॉनची स्थापना झाल्यानंतर अमेरिकन शहरांच्या रस्त्यांवर आणि विमानतळांवर नामजप करणारे तरुण नित्याचे झाले होते, आणि घर सोडलेल्या मुलाला आसरा देऊ पाहणाऱ्या ठिकाणांत अशा पंथाचा समावेश होणे कथेला धरूनच आहे. गंमत ठेक्यात आहे : जप बसवला आहे तो अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉक अँड रोलच्या जुन्या ठेक्यावर, आणि भोवती गिटारचा असा कल्लोळ आहे की शांती लाभण्याऐवजी गुदमरायला होते. आपल्याकडच्या नामसंकीर्तनाची सवय असलेल्या कानाला ते विचित्र वाटणारच.

प्रश्न : चारही बाजू सलग ऐकणे आवश्यक आहे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : कथेसाठी एकदा तरी ऐकाव्यात, पण सुरुवात तिसऱ्या बाजूपासून करावी, उत्तम चाली तिथेच एकवटल्या आहेत. दुसरी बाजू बहुतांशी एकसुरी आरडाओरडा आहे आणि तिच्यातील दोन-तीन गाणी गाळली असती तरी काही बिघडले नसते, असे माझे मत आहे. शेवटची ‘रिअकरिंग ड्रीम्स’ ही चौदा मिनिटांची शब्दविरहित रचना पहिल्या खेपेला वगळली तरी चालेल. ज्याला मोल्डच्या गिटारची गोडी लागेल, तो तिच्याकडे आपसूक वळेल.