थांबायचंच असेल तर चांगल्या ९८१ साठी थांबा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१५ ची पोर्शे केमन एस, म्हणजे ९८१ पिढी. मॅन्युअल गिअर, ६२ हजार किलोमीटर, विकणारा ५४ हजार युरो म्हणतोय आणि तुमची ओढाताण ५५ पर्यंत. बायको म्हणते, दहा वर्षं जुन्या गाडीत एवढे पैसे कशाला घालायचे, नवीन ७१८ येतेय ना, थांब की.

आधी माझा कल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचाल. मी जर्मनीत लुडविग्सबुर्गला राहतो, पोर्शेचा त्सुफनहाउझनचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि २०१९ पासून माझ्याकडे ९८१ बॉक्सस्टर आहे, म्हणजे केमनचीच उघड्या छताची बहीण. साधी २.७, एस नाही. ती घेण्याआधी दोन वर्षं मीही 'पुढचं मॉडेल येऊ दे' म्हणत काढली. ती दोन वर्षं फुकट गेली असं आज वाटतं.

'नवीन येतेय' ही गोष्ट जरा तारखांनिशी बघा. २०२२ च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितलं की दशकाच्या मध्यापर्यंत ७१८ (केमन आणि बॉक्सस्टरचं २०१६ पासूनचं नाव) फक्त इलेक्ट्रिक होईल. २०२४ च्या उन्हाळ्यात युरोपियन युनियनचा सायबर सुरक्षेचा नियम लागू झाला. जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची पेट्रोल ७१८ त्यात बसेना, म्हणून दोन आरएस मॉडेलं सोडली तर इथली विक्री बंद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्पादनही थांबलं. त्याच सुमारास कंपनीने पवित्रा बदलला आणि वरच्या दर्जाच्या ७१८ पेट्रोलवरही काढू असं जाहीर केलं. म्हणजे २०२२ पासून थांबलेल्या माणसाच्या हाती आज काय आहे? जुनी गेली, नवी आली नाही, आणि ती कशावर चालणार यावरही मधल्या मधे फिरवाफिरव झाली. 'बाजारात तुरी' म्हणतात ते हेच. फक्त तुमच्या घरी भांडण भटभटणीचं नसून केमनचं आहे.

पण तारखा सोडा, खरी मेख पैशांत आहे. पेट्रोलवर येणार त्या वरच्या दर्जाच्या गाड्या. आत्ता बंद झालेली पेट्रोल ७१८ जीटीएस ४.० शोरूममध्ये ५५ हजारांच्या कितीतरी वर होती, तिची वारसदार स्वस्त होईल असं कोण म्हणेल? म्हणजे तुम्ही नवीन गाडीची वाट बघत नाही आहात. नवीन गाडी येऊन, तिला चार-पाच वर्षं होऊन, ती वापरलेल्या बाजारात तुमच्या खिशाच्या उंचीला उतरेल, त्याची वाट बघताय. हे वहिनींना असंच सांगा. थांबायचं म्हणजे दोन वर्षं नाही, सात-आठ.

इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही, रोजची गाडी आमचीही इलेक्ट्रिकच आहे. २०२१ च्या मिशन आर या संकल्पना-गाडीत पोर्शेने बॅटरी पायाखाली न पसरता सीटच्या मागे रचली होती. वजन तिथेच राहावं जिथे केमनचं इंजिन असतं, आणि बसायची जागा खाली राहावी, हा हेतू. डोकं चांगलं लावलंय. तरी पहिल्या वर्षाची गाडी मी घेणार नाही. पोर्शेची इलेक्ट्रिक टायकान २०१९ मध्ये आली तेव्हा मोठी बॅटरी ९३ किलोवॅट-तासांची होती. २०२४ मध्ये ती १०५ झाली आणि एका चार्जमधलं अंतर इतकं वाढलं की आधीच्या गाड्यांचे भाव धाडकन उतरले. पेट्रोलमध्येही तेच झालेलं आहे. १९९६ ची पहिली बॉक्सस्टर, ९८६, तिच्या इंजिनातलं आयएमएस, म्हणजे मधल्या शाफ्टचं बेअरिंग मोडलं की अख्खं इंजिन जायचं. ती भीती कायमची मिटली २००९ च्या नव्या इंजिनात, कारण त्यात तो शाफ्टच काढून टाकला. तुमच्या केमनचं ३.४ त्याच घराण्यातलं आहे, त्यामुळे मंडळी 'आयएमएस बघितलं का?' विचारतील तेव्हा निवांत राहा.

आता गाडीबद्दल. टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन सर्वसाधारण केमनमध्ये मिळालं ते ९८१ पर्यंत. २०१६ मध्ये ७१८ आली आणि तिथे चार सिलिंडर, टर्बो. कागदावर नवी पुढेच आहे: तुमची ३.४ एस ३२५ पीएस (अश्वशक्ती) आणि ३७० न्यूटन-मीटर, तर ७१८ ची २.५ एस ३५० आणि ४२०. ओव्हरटेक करताना तो टॉर्क जाणवतो, खोटं का बोला. पण थंडीत सकाळी चालू केली की ती २.५ कुठलीतरी तिसरीच गाडी असल्यासारखी खडखडते. सहा सिलिंडर परत आले २०१९-२० मध्ये, जीटी४ आणि जीटीएस ४.० मध्ये, पण तोवर युरोपातल्या गाड्यांना पेट्रोलचा पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातले कण अडवणारा) बसला होता आणि आवाज थोडा घुसमटला. तुमच्या २०१५ च्या गाडीत तो फिल्टर नाही.

९८१ चा दोषही सांगतो, कारण जाहिरातीत कोणी सांगत नाही. गिअर लांब आहेत. इतके लांब की दुसऱ्या गिअरमध्येच ताशी सव्वाशेच्या वर जाता येतं, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर मर्यादा शंभरची. श्वार्त्सवाल्डच्या बे ५०० रस्त्यावर वळणावळणाने जाताना मॅन्युअल घेतली म्हणून खूश असलेला हात बराच वेळ नुसता मांडीवर असतो. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. मग सवय झाली, आता वरच्या आरपीएमला इंजिन गायला लागतं तेवढ्यासाठी दुसऱ्यातच ठेवतो.

तर माझं मत: घ्या, पण हीच घ्या असं नाही. मी पहिली बघायला गेलो होतो ती एका छोट्या गावातल्या विक्रेत्याकडची लाल बॉक्सस्टर. जाहिरातीत लिहिलं होतं 'उनफालफ्राय लाउट फोरबेझित्सर', म्हणजे अपघातमुक्त, आधीच्या मालकाच्या म्हणण्यानुसार. तेव्हा जर्मन कच्चं होतं, 'लाउट'कडे लक्ष गेलं नाही. लिफ्टवर घेतल्यावर तपासनिसाने रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. उजव्या पुढच्या फेंडरवर आकडा बाकी गाडीच्या तिप्पट आला. विक्रेता शांतपणे म्हणाला, मी कुठे म्हटलं अपघात झाला नाही, मालक म्हणाला. तपासणीचे शे-दीडशे युरो गेले आणि मी शहाणा झालो.

तुमच्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात आधी इंजिनच्या संगणकातला डीएमई अहवाल मागा, पोर्शे सेंटर काढून देतं. मॅन्युअल गाडीत हा कागद सोन्याचा. त्यात ओव्हर-रेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याचे, सहा टप्पे असतात. खालचे भरलेले असतील तर मालकाने गाडी मजेत चालवली एवढंच. वरच्या तीनात नोंदी असल्या तर कोणीतरी पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात घातलाय, कारण नुसता ॲक्सिलरेटर दाबून तिथे पोचताच येत नाही, लिमिटर अडवतो. ती नोंद किती इंजिन-तासांपूर्वीची आहे तेही दिसतं. आणि एकूण तासांनी किलोमीटरला भागा. ६२ हजार किलोमीटर आणि ११०० तास असतील तर सरासरी ५६ चा वेग, पटण्यासारखं. तास २००० निघाले तर एक तर गाडी शहरात सडली आहे, नाहीतर मीटरशी कोणीतरी खेळलंय.

पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर तिथेच बसतात, पानं-कचरा साचून ओल धरते आणि ते गंजतात. एक्झॉस्टचे बोल्ट गंजून तुटणं हे नेहमीचं, त्याने घाबरू नका, भाव कमी करायला वापरा. टायरवर 'एन'ची खूण (पोर्शेने मान्य केलेला टायर) आहे का आणि चार आकडी तारीख काय ते वाचा. माझ्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसत होते, निघाले आठ वर्षांचे, दगडासारखे कडक, आणि पहिल्याच ओल्या वळणावर मागची बाजू बाहेर निघाली. चारही बदलले. सर्व्हिसच्या वहीत वर्ष चुकलेलं नको, किलोमीटर कमी झाले तरी तेल वेळेवर बदललेलं हवं.

विकणारा दुकानदार की खासगी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने बराच फरक पडतो. दुकानदाराला वापरलेल्या गाडीवर कायद्याने किमान एक वर्षाची दोष-जबाबदारी टाळता येत नाही. २०२२ पासून तर त्या वर्षभरात दोष आधीपासून नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचं. खासगी माणूस एका ओळीत हात झटकू शकतो. त्यामुळे खासगी असेल तर निदान दोन-तीन हजार कमी, किंवा गाडीवर पोर्शे अप्रूव्ह्ड वॉरंटी चालू असलेली. ती १११ मुद्द्यांची तपासणी पास झाली की गाडी १५ वर्षांची होईपर्यंत वाढवता येते, म्हणजे तुम्हाला २०३० पर्यंत.

आणि ५५ पैकी ५४ गाडीत घालू नका. चार-पाच हजार बाजूला ठेवल्याशिवाय ही गाडी घेणं म्हणजे पहिल्या वर्षी आजारी पडायचंच नाही असं ठरवण्यासारखं. रोड टॅक्स वर्षाला तीनशेच्या आसपास, तो काही मारत नाही. ब्रेक आणि क्लच मारतात. सीझन नंबरप्लेट घेतलीत, एप्रिल ते ऑक्टोबर, तर विमा आणि टॅक्स दोन्ही तेवढ्याच महिन्यांचे. पण मग हिवाळ्यात ती रस्त्यावर उभीसुद्धा करता येणार नाही, आत जागा हवी. तुमच्या म्युनिकमध्ये गॅरेजचं भाडं मला विचारू नका.

एका परिस्थितीत मी वहिनींच्या बाजूने आहे. तुम्ही लिहिलंय की घरी ऑक्टाव्हिया आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. ऑक्टाव्हिया राहणार असेल तर हरकत नाही. ती विकून ही घेणार असाल तर नको, कारण सीट दोनच, आणि रविवारी कोण घरी राहणार हा प्रश्न गाडीपेक्षा महाग पडतो. वहिनींना टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा, शेजारी नाही, स्टिअरिंगवर बसवा. आमच्याकडे त्यानंतर निर्णय वीस मिनिटांत झाला, आणि आता किल्ली मलाच मागावी लागते.

बघायला जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून इंजिन थंड ठेवायला सांगा. पोचल्यावर मागे इंजिनवरच्या झाकणाला हात लावा. गरम लागलं तर का गरम केलं ते विचारा आणि चहा-कॉफी घेऊन दोन तासांनी परत या.