पुण्यात नगरसेवकपदासाठी अपक्ष उभं राहायचं असेल, तर प्रचार कुठून सुरू करावा?

मतदार यादीपासून. फ्लेक्स नंतर. वय २१ पूर्ण हवं आणि महापालिकेच्या यादीत नाव हवं, एवढं तर तुम्ही पाहिलंच असेल.

खरी अडचण प्रभागाची आहे. २०१७ मध्ये पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, म्हणजे एका मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची. पक्षवाले चौघं मिळून फिरतात, खर्च वाटून घेतात. तुम्ही एकटे, प्रभाग तेवढाच. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, त्यामुळे आपली जागा कोणती हे सोडतीआधी ठरवूच नका.

मी तेव्हा एका अपक्ष मित्रासोबत फिरलो. चिन्ह मिळतं अर्ज माघारीनंतर, म्हणजे अगदी उशिरा. आजी दारात विचारायच्या, "बाळा, तुझं चित्र कुठलं?" आणि आमच्याकडे उत्तर नसायचं! म्हणून नाव आधीच तोंडी बसवा. सोसायटीत शिरायचं तर आधी सेक्रेटरींना फोन करा, नाहीतर वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. वेळ संध्याकाळी सातनंतरची. दुपारी एक ते चार बेल वाजवलीत, तर ते मत गेलंच समजा.

खर्चाची पावती रोजच्या रोज फाइलला लावा.