सिउ निम ताउ उरकू नकोस
विंग चुन या चिनी युद्धकलेचा हा पहिलाच फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. पाय एकदा रोवले की शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत, म्हणून नवख्याला तो कंटाळवाणा वाटतो आणि दोन मिनिटांत उरकावासा वाटतो. तसं करू नकोस. पहिल्या भागात तान साउ (तळवा वर केलेला हात) पुढे जातो, वू साउ (तळवा उभा, बचावाचा हात) होऊन मागे येतो, मग तीनदा फूक साउ (मनगटात वाकवलेला हात). कँटनीजमध्ये याला ‘साम पाय फात’, म्हणजे बुद्धाला तीनदा वंदन, म्हणतात. हा भाग अगदी सावकाश कर. कोपर छातीच्या मध्यरेषेकडे राहू दे. ते बाहेर सुटलं की खांदा उचलला जातो. मी वर्षभर हीच चूक केली, रोज खांदे भरून यायचे. गुडघे मात्र जबरदस्तीनं आत पिळू नकोस; दुखलं तर थांब. आणि श्वास रोखू नकोस, हे मला फार उशिरा कळलं.