रोज कामांची यादी करतो, तरी निम्मी कामं राहतात. काय करावं?

यादी आदल्या रात्रीच करा, आणि मोठी कामं तीनच लिहा. माझ्या वहीत पूर्वी पंधरा ओळी असायच्या, 'वीजबिल' आणि 'अहवाल' शेजारीशेजारी. बिल दोन मिनिटांत भरून व्हायचं, अहवाल आठवडाभर लांबायचा. आता 'अहवालाचं पहिलं पान, साडेनऊला' असं लिहितो. फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर गजराचं घड्याळ: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठून पाणी. ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थी असताना बसवली. त्यांचं घड्याळ टोमॅटोच्या आकाराचं होतं, म्हणून नाव पोमोदोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. खरंच उपयोगी आहे, करून बघा. आणि एखादं काम तीन दिवस रखडलं, तर त्याचे तुकडे पाडा किंवा सरळ खोडून टाका.