पदविका घ्यावी की पदवी?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आहे. तिने डी. फार्म. (औषधनिर्माण शास्त्राची पदविका) करावे की बी. फार्म. (त्याच विषयाची पदवी)? पुढे वेतन किती मिळते?
– एक पालक, सातारा

उत्तर : आपले औषध दुकान लवकर सुरू करायचे असेल, तर दोन वर्षांची पदविका, त्यानंतरचे 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आणि पदविकेनंतरची एक्झिट परीक्षा पूर्ण करून महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी करावी लागते. जिल्हा परिषदेतील औषध निर्माण अधिकारी या पदासाठीही पदविका चालते आणि तेथे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते. खासगी दुकानांत मात्र सुरुवातीचा पगार याहून बराच कमी असतो, हे आधीच जाणून घ्यावे.

औषध निरीक्षक व्हायचे असेल, तर पदवी अनिवार्य आहे. औषध कंपनीत उत्पादन किंवा गुणवत्ता तपासणीत वर चढण्यासाठीही पदवीच उपयोगी पडते. पदवीच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो, त्यामुळे आज पदविका घेतली म्हणून दार बंद होत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नोंदणी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देऊन घरबसल्या पैसे मिळवण्याचा सल्ला तिला कोणी ना कोणी देईलच. तो मुळीच ऐकू नये. डोस चुकीचा लिहिला गेला असेल किंवा दोन औषधे एकत्र घेणे धोक्याचे असेल, तर ते चिठ्ठी वाचून ओळखणारी व्यक्ती काउंटरवर प्रत्यक्ष हजर असायला हवी, आणि प्रमाणपत्र दिले जाते ते त्यासाठीच.