स्कूटर निम्म्या वाटेतच थांबते

प्रश्न : आईसाठी दोन वर्षांपूर्वी चारचाकी बॅटरी-स्कूटर घेतली. यंदाच्या उन्हाळ्यात ती निम्म्या अंतरातच बसते. काय करावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी टायरची हवा बघा, हवा कमी असली तरी अंतर घटतं. ती ठीक असेल तर बहुधा बॅटऱ्याच थकल्यात. सीटखाली सहसा १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या असतात आणि आपल्याकडच्या उन्हात त्या लवकर झिजतात. दोन्ही एकदमच बदला, एकच नवी घातली तर जुनी तिलाही खराब करते. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नको. बाहेरून आल्यावर निवू द्या, मग रात्रभर चार्जिंग. उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती पुरती चार्ज होत नाही.

आणि हे जरूर पाळा : गाडी हाताने ढकलायला मागचा, मोटर चाकांपासून सुटी करणारा खटका सोडला की ब्रेक लागत नाही. आईंना बसवण्याआधी तो खटका परत लावाच.