नातवंडं आणि आपण : मोबाईलवरचं जेवण, बागेतली द्राक्षं आणि रोजची तीच गोष्ट

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. माझी नोकरी सांगलीच्या बालवाडीत झाली आणि आता घरात तीन वर्षांची नात आहे. या दोन्हींच्या आधाराने मी उत्तरं देते. दुखण्याखुपण्याच्या बाबतीत मात्र तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच शब्द शेवटचा माना.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर तो माझ्याजवळ असतो. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही आणि मोबाईल काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतो. सून म्हणते, आई, मोबाईल देऊ नका. पण मग पोर उपाशी राहील त्याचं काय? — एक आजी, विश्रामबाग, सांगली

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळी भीती त्यातच आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

पहिल्या वर्षात मूल झपाट्याने वाढतं. जन्माला तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं. मग तो वेग एकदम मंदावतो आणि पुढे वर्षाला दोन-सव्वादोन किलो वाढलं तरी ते ठीक असतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. आपल्याला मात्र दहाव्या महिन्यात वाटी चाटूनपुसून संपवणारा नातू आठवत राहतो आणि त्याच मापाने आपण आजही ताट वाढतो. माता-बाल संरक्षण कार्ड घरात असेलच. त्यातल्या आलेखावर त्याची आजवरची वजनं मांडा. रेघ वर चढत असेल तर पोर उपाशी नाही, हे मनाशी पक्कं धरा. रेघ आडवी झाली किंवा खाली उतरली, मूल फिकट दिसू लागलं, माती खाऊ लागलं, जरा जाडसर घास आला की ओकारी काढू लागलं, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

तो दूध किती पितो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. "जेवला नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे" असं म्हणत दिवसाला तीन-चार बाटल्या दिल्या जातात, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. या वयात दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको. त्याने जेवणाची भूक मरते. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे नुसत्या दुधावरच्या मुलांचं रक्त कमी होतं. आणि बाटली आता बंदच करा, पेल्याने द्या.

आता मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. पण मला त्या तासापेक्षा जेवणाची वेळ जास्त महत्त्वाची वाटते. डोळे पडद्याला चिकटले की तोंडात वांगं आहे की बटाटा हे मुलाला कळत नाही आणि पोट भरलं हेही कळत नाही. तुम्ही भरवत राहता, तो गिळत राहतो. यातून चव, भूक, तृप्ती यातलं काहीच त्याच्या ओळखीचं होत नाही.

सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे मुलगा-सून घरात असतील. जेवायच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल कपाटात ठेवा आणि टीव्हीही बंद करा. मालिका चालू आणि नातवाचा मोबाईल तेवढा बंद, हा न्याय अडीच वर्षांच्या पोरालाही पटत नाही. तो रडेल. पहिले काही दिवस कठीण जातील, खोटं कशाला सांगू? रडत असेल तर जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा, पण वाटी घेऊन मागे धावू नका. काय वाढायचं आणि केव्हा वाढायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, एकही शब्द न बोलता. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी. मधे बिस्किटं नकोत, शेजारच्यांनी दिली तरी नकोत.

मोबाईलच्या जागी काय, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर आहे, घरातलं काम. तुम्ही शाळूची भाकरी थापत असाल तेव्हा लिंबाएवढा पिठाचा गोळा त्यालाही द्या. शेगडीपासून लांब पाट मांडा, त्यावर बसून थापू दे. ती वाकडीतिकडी भाकरी तव्यावर टाका, भाजा आणि त्याच्याच ताटलीत वाढा. मटार सोलणं, लसणीच्या पाकळ्या मोकळ्या करणं, डब्यातून डाळ वाटीने काढणं या कामांत या वयाची मुलं जीव ओततात. माझी नात आमटीतली कोथिंबीर बोटाने वेचून ताटाबाहेर ठेवायची. एकदा तिच्या पुढ्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली. पानं निवडता निवडता तिने तीन-चार पानं तोंडात टाकली आणि दुपारी आजोबांना सांगितलं, "ही मी केलीय, सगळी खायची." तेव्हापासून वेचणं थांबलं. सगळ्याच भाज्यांचं असं होणार नाही. नवी भाजी दहा-बारा वेळा ताटात आली तरी मूल हात लावत नाही आणि मग एखाद्या दिवशी मुकाट्याने खातं. म्हणून चिमूटभर का होईना, वाढत राहा. कांदा-लसूण मसाला घालण्याआधी त्याची आमटी बाजूला काढा. आपल्याकडचं तिखट मोठ्यांनाही घाम फोडतं.

सुनेचं म्हणणं बरोबर आहे. पण दिवसभराचे कष्ट तुमचे आहेत आणि हेही घरात कुणीतरी मोठ्याने म्हटलं पाहिजे. मुलाला समोर बसवून सांगा की रात्रीचं जेवण त्याने भरवायचं, मोबाईलशिवाय. तुमच्या पत्रात सून आहे, तुम्ही आहात, नातू आहे. बाप फक्त नोकरीला जाताना दिसतो.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत मुलगी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन पुण्याहून येते आहे. त्याच्या हातात बागेतला घड द्यायचा, ही माझी हौस. ती फोनवरच म्हणाली, द्राक्षं द्यायची नाहीत. आमच्या नातवाला आमचीच द्राक्षं वर्ज्य? — अण्णा

अण्णा, तुमची हौस मला मनापासून कळते आणि ती पुरीही होईल. फक्त अख्खं द्राक्ष देऊ नका, एवढं मुलीचं ऐका.

दीड वर्षाच्या मुलाला पुढचे दात असतात, त्याने तो तुकडा तोडतो. चावून बारीक करायला दाढा लागतात. पहिल्या दाढा याच सुमारास येऊ लागतात, मागच्या तर दोन-अडीच वर्षांच्या आसपास येतात. न चावलेलं गुळगुळीत द्राक्ष घसरून लहान मुलाच्या श्वासनळीच्या तोंडाशी गेलं की बुचासारखं बसतं, हवेला फटसुद्धा राहत नाही. म्हणून द्राक्ष उभं चिरायचं, त्याचे चार तुकडे करायचे. आडवं चिरलं तर गोल चकत्या राहतात, त्या तितक्याच वाईट. सोनाका असो की थॉमसन, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत हाच नियम. बेदाणा चिकट असतो, तो भिजवून बारीक चिरून द्या. शेंगदाणे, फुटाणे, भडंगातले दाणे अजिबात नकोत, दाण्याचं कूट चालेल. खाताना मूल बसलेलं हवं. बागेत पळता पळता तोंडात काही नको.

तरीही घशात अडकलंच तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला आधी माहीत हवं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत मारू नका. खोकला फुटत नाही, आवाज निघत नाही, ओठ निळे पडताहेत असं दिसलं की त्याला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वरच्या दिशेला पाच झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाच थापा द्यायच्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबायचं. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर फोनवरचा माणूस सांगेल तसं लगेच छाती दाबणं सुरू करा.

तुम्ही बागायतदार, म्हणून आणखी दोन गोष्टी. शेवटची फवारणी कधी झाली हे तुम्हाला पाठ असतं. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं, तेवढे दिवस झालेल्या ओळीतलाच घड तोडा आणि धुऊन द्या. औषधं कुलपात ठेवा. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मोरचुदाच्या निळ्याशार खड्यांकडे तर मुलांचा हात पहिल्यांदा जातो. आणि शेततळं असेल तर नातू यायच्या आधी त्याला कुंपण घाला. त्या प्लॅस्टिकच्या कागदावरून मोठा माणूस घसरला तरी वर येऊ शकत नाही. हे काम जानेवारीतच उरका अण्णा, मला काळजी वाटते.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई रोज सहाणेवर गुटी उगाळून मधातून चाटवतात, डोळ्यांत काजळ घालतात, अंघोळीच्या वेळी नाकाकानात तेल सोडतात. मी नको म्हटलं की म्हणतात, आमची मुलं अशीच मोठी झाली. रोज वाद होतो. — एक सून, सातारा

बाळा, तू म्हणतेस ते बरोबर आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. त्यात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. गुटीतल्या जायफळाने गुंगी येते, म्हणून बाळ शांत झाल्यासारखं वाटतं. काजळात शिसं सापडलेलं आहे, शिवाय बोटाने घालताना डोळ्यात जंतू जातात. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं.

पण हे सगळं तू एकटीने सासूबाईंना सांगत बसू नकोस. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाच बाळाला मांडीवर घेऊन बसू दे आणि डॉक्टरांना त्यांच्यादेखत विचार. आणि त्यांच्या हातातलं सगळंच काढून घेऊ नकोस. मालिश त्यांच्याकडेच राहू दे, त्यांच्या हातांना ते तुझ्यापेक्षा चांगलं येतं आणि बाळाला ते हवंच आहे. तीट लावायची तर कानामागे लावू दे. तळपायाला नको, या वयात पाय लवकरच तोंडात जायला लागतो. धुरी नको, अंगाई हवी तितकी.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो. चार वर्षांच्या नातवाला रोज रात्री मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीची गोष्ट लागते. एक शब्द बदलला तरी चिडतो. रोज तेच ऐकून त्याची बुद्धी एकाच जागी अडकणार तर नाही? — एक आजोबा, मिरज

नाही, आजोबा. पुढे काय येणार हे आधीच माहीत असणं आणि ते तसंच येणं, यात चार वर्षांच्या मुलाला मोठं समाधान असतं. पुन्हा पुन्हा ऐकल्यानेच शब्द पक्के होतात, घटनांचा क्रम लागतो. चूक पकडून तो चिडतो, म्हणजे अख्खी गोष्ट त्याच्या डोक्यात बसली आहे. बिनधास्त सांगा.

आणि तुमच्या गोष्टीला तर खरा आधार आहे. एकाच मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे रुंद, मध्यम आणि अरुंद तिन्ही रूळ होते, हे आता किती मुलांना ठाऊक आहे? मधली स्टेशनं तुम्ही म्हणू नका, त्याला म्हणू द्या. आरग, कवठे महांकाळ, जत रोड, सांगोला. पाठ झाली की एका सकाळी त्याला खरंच पंढरपूरच्या गाडीत बसवा. खिडकीतून पाटी वाचायची आणि तुम्हाला नाव सांगायचं, हे काम त्याचं. मधल्या एखाद्या स्टेशनाचं नाव तुमच्या गोष्टीत राहून गेलं असेल तर तो तिथल्या तिथे विचारेल, तेव्हा सगळी नावं आधी आठवून ठेवा.